उन्हाळ्यात थंड राहणारं घर : इन्सुलेशन कुठे, कोणतं आणि किती

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, परभणी, जळगाव अशा कुठल्याही गावात रात्री दहाला अंगणात बसवतं, पण वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसवत नाही. पंखा गरम वारा फेकतो. कूलर लावला तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं. याचं कारण डोक्यावरचा स्लॅब आहे. सहा इंची काँक्रीट दिवसभर ऊन पितं, आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला चार-पाच तास लागतात. म्हणून दुपारी दोनचं ऊन तुम्हाला संध्याकाळी सातपासून झोपेपर्यंत छतातून भेटत राहतं.

घर पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी, किंवा बांधलेलं घर सुसह्य करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश हा उन्हाचा पट्टा डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. कोकण आणि मुंबईचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल. इन्सुलेशनवरची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थरांवरची, बरीचशी माहिती थंड देशांतून येते. तिथे घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. आपल्याला बाहेरचं ऊन आत येऊ द्यायचं नाही. त्यामुळे तिथला क्रम इथे जसाच्या तसा उचलून चालत नाही.

आधी ऊन अडवा

कोणताही थर विकत घेण्याआधी नकाशावर काम करा. त्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत.

महाराष्ट्रात उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो. नागपुरात २१ जूनला तो माथ्यापासून जेमतेम दोन-अडीच अंश उत्तरेला कलतो, तर डिसेंबरात दक्षिणेला झुकून भर दुपारी ४५ अंशांच्या आसपासच चढतो. यातून दोन गोष्टी निघतात. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त मार छपराला बसतो आणि त्याखालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना. दक्षिणेची भिंत सांभाळणं मात्र सोपं आहे. खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला की उन्हाळ्याचं ऊन अडतं आणि थंडीचं कोवळं ऊन आत येतं.

पश्चिमेला छज्जा कामाचा नाही, कारण दुपारी चारचं ऊन तिरपं, खिडकीतून सरळ आत घुसतं. तिथे उभी आडोशाची भिंत, जाळी, पडवी किंवा झाड लागतं. कडुनिंबासारखं दाट सावलीचं झाड त्या बाजूला वाढवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही. प्लॉट अनुमती देत असेल तर घराच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवा. जिना, बाथरूम, कोठीची खोली पश्चिमेला टाका, म्हणजे झोपायची खोली त्या भिंतीमागे येणार नाही. रस्ता पश्चिमेला आहे म्हणून समोरची अख्खी बाजू काचेची करायचा मोह अनेकांना होतो. या पट्ट्यात तो टाळाच. त्या काचेतून येणाऱ्या उन्हाला नंतर कोणतंही इन्सुलेशन अडवू शकत नाही.

खिडक्यांबद्दल एकच सांगतो. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो. रात्रीचा गार वारा घरातून फिरवायचा असेल तर बाहेर उघडणाऱ्या झडपांच्या खिडक्या समोरासमोर ठेवा.

मग छप्पर : पूर्वजांनी काय केलं होतं

मराठवाड्यातलं माळवद किंवा खानदेश-वऱ्हाडातलं धाब्याचं घर आठवा. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, पाला, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दोन-तीन फुटांच्या. ऐन वैशाखात आत गारवा असायचा, कारण मातीची एवढी जाडी दिवसाची उष्णता रात्रीपर्यंत आत पोचूच देत नसे.

पण दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर नवी माती टाकली जायची आणि छप्पर जड होत जायचं. अर्धा मीटर माती म्हणजे चौरस मीटरला ८०० किलोंच्या आसपास वजन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि ही जड छपरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लातूर-धाराशिव भागातल्या लोकांचा मातीच्या घरावरचा विश्वास उडाला तो उडालाच, आणि तो का उडाला हे समजून घेतलं पाहिजे. माळवदाचं गुणगान करताना हे विसरणं मला पटत नाही. आता मातीचा गारवा हवा, पण वजन नको. हलकं इन्सुलेशन नेमकं तेवढंच करतं.

आजही ठेकेदार 'गच्चीवर कोबा टाकू, घर थंड राहील' असं सांगतात. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा पाण्यासाठी आणि उतारासाठी ठीक आहे. उष्णतेसाठी त्याचा उपयोग थोडा, आणि वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो. त्याच जागी दोन इंची फोमच्या पाटीचं वजन दोन किलोसुद्धा भरत नाही.

तीन आकडे समजून घ्या, म्हणजे कुणी फसवणार नाही

पहिला आकडा के-व्हॅल्यू, म्हणजे पदार्थातून उष्णता किती सहज वाहते ते. जितका कमी तितका चांगला. आरसीसी स्लॅबचा सुमारे १.५८, भाजलेल्या विटेचा ०.८ च्या आसपास, एएसी ब्लॉकचा (सिमेंट-राखेचा हलका, सच्छिद्र ब्लॉक) ०.१६ ते ०.१८, थर्माकोलचा म्हणजे ईपीएसचा ०.०३६ च्या जवळ, एक्सपीएसचा (थर्माकोलच्याच जातीचा, पण दाट आणि घट्ट फोम) ०.०३, पीयूएफचा (पॉलियुरेथेनचा फोम) ०.०२३ ते ०.०२६, आणि रॉकवूल-ग्लासवूलचा (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंचा कापूस) ०.०३५ ते ०.०४५.

दुसरा आर-व्हॅल्यू. जाडी मीटरमध्ये घ्या आणि के-व्हॅल्यूने भागा. सहा इंची स्लॅब : ०.१५ भागिले १.५८, म्हणजे जेमतेम ०.१. दोन इंची एक्सपीएस : ०.०५ भागिले ०.०३, म्हणजे १.६७. काँक्रीटच्या एक तृतीयांश जाडीत सतरापट रोध.

तिसरा यू-व्हॅल्यू. सगळ्या थरांचे आर मिळवायचे, आतल्या-बाहेरच्या हवेच्या पापुद्र्यांचे छपरासाठी आणखी ०.२१ धरायचे, आणि बेरजेने १ ला भागायचं. हा आकडा कमी असला पाहिजे. नुसत्या स्लॅबचा यू येतो ३.३. चार इंची कोबा टाकला तर २.३. एक इंच एक्सपीएस टाकलं तर ०.९, दोन इंचांना ०.५, तीन इंचांना ०.३६.

इथे थोडं थांबा. पहिल्या इंचाने सगळ्यात मोठी उडी मारली, दुसऱ्याने बऱ्यापैकी, तिसऱ्याने अगदी थोडी. म्हणून मी दोन इंचांवर थांबायला सांगतो. तिसऱ्या इंचाचे पैसे पश्चिमेच्या आडोशाला लावा.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको-निवास संहिता' आणली. तिच्यात राहत्या घराच्या छपराचा यू १.२ च्या वर जाऊ नये असं आहे. २०१८ मध्ये ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवरच्या इमारतींसाठी लिहिली गेली, त्यामुळे तुमच्या तीन गुंठ्यांतल्या घराला कुणी विचारणार नाही. पण मोजपट्टी म्हणून ती उत्तम आहे. आर्किटेक्टला सरळ विचारा, 'छपराचा यू किती येतो?' उत्तर देता आलं नाही तर वरचं गणित त्यांच्यासमोर मांडा.

हे आकडे संसारात आणायचे तर असं. हजार चौरस फुटांचं छप्पर, आणि बाहेरची बाजू घरातल्यापेक्षा ३० अंशांनी गरम धरली तर नुसत्या स्लॅबमधून सुमारे नऊ किलोवॉट उष्णता आत येते. दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॉट बाहेर काढतो. म्हणजे जवळजवळ दोन एसी फक्त छपराशी झगडण्यात जातात. दोन इंची एक्सपीएस टाकलं की तीच उष्णता दीड किलोवॉटच्या आत येते. हे ढोबळ गणित आहे, ऊन दिवसभर सारखं नसतं. पण दिशा पक्की आहे.

साहित्य निवडताना

गच्चीवर, पायाखाली टाकायचं असेल तर माझी पहिली पसंती एक्सपीएस. पाणी फारसं पीत नाही आणि माणसांचं, टाकीच्या कामाचं वजन सहज पेलतं. महाग पडतं हे खरं. परवडत नसेल तर ईपीएस चालेल, पण घनमीटरला २५-३० किलो घनतेचं, आणि पाण्यापासून नीट जपलेलं. टीव्हीच्या खोक्यातून निघतो तसला हलका थर्माकोल गच्चीवर दबतो.

घनता दुकानातच तपासता येते. एक मीटर बाय अर्धा मीटर, दोन इंच जाडीची शीट वजनकाट्यावर ठेवा. अर्धा किलो भरली तर घनता २०, पाऊण किलो भरली तर ३०. बिलावर घनता आणि ईपीएससाठी आयएस ४६७१ हा मानक क्रमांक लिहून मागा. जो दुकानदार लिहून देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

रॉकवूल जळत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ते भिजलं की निकामी होतं. म्हणून त्याची जागा फॉल्स सीलिंगच्या वर, कोरड्यात. गच्चीवर नको. लावताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, कामगारांना ते तुम्ही आणून द्या.

पीयूएफची फवारणी वळणावळणाच्या किंवा पत्र्याच्या छपरावर सोयीची. मात्र उन्हात उघडा राहिला तर तो पिवळा पडून भुसभुशीत होतो, वर लेप हवाच. शिवाय फोममध्ये बुडबुडे करायला जो वायू वापरतात, तो पर्यावरणाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो. ओझोनला घातक असलेल्या एचसीएफसी-१४१बी ची आयात भारताने १ जानेवारी २०२० पासून बंद केली. बदली वायूंपैकी काही वातावरण तापवणारे आहेत, काही सौम्य. पेंटेन हा सौम्यांपैकी एक, म्हणून पुरवठादाराला 'पेंटेनवर बनवलेला आहे का' एवढं विचारा. असे प्रश्न विचारणारी गिऱ्हाईकं वाढली की माल बदलतो.

आगीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. थर्माकोल, एक्सपीएस, पीयूएफ हे सगळे पेट घेतात आणि त्यांचा धूर जीवघेणा असतो. स्लॅबच्या वर, काँक्रीटच्या थराखाली ते सुरक्षित आहेत. खोलीच्या आत छताला थर्माकोलच्या उघड्या टाइल्स चिकटवणं आणि त्यातून दिव्याच्या वायरी नेणं अजिबात करू नका. आतून लावायचंच असेल तर रॉकवूल आणि खाली जिप्सम बोर्ड.

जुनी सिमेंटच्या पत्र्यांची छपरं बदलताना ती फोडू, कापू किंवा घासू नका. त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याच्या तंतूंमुळे फुप्फुसांचा कर्करोग होतो. ओले करून, अख्खे उतरवून घ्या.

पर्यावरणपूरक आणि उष्णतारोधक : दोन वेगळे गुण

फ्लाय ॲशच्या विटा घेतल्या म्हणजे घर थंड राहील असं बरेच जण धरून चालतात. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांतून निघणारी राख कामाला येते, शेताची सुपीक माती वाचते, म्हणून त्या विटा जरूर घ्या. पण उष्णता अडवण्यात त्या लाल विटेपेक्षा सरस नाहीत. एएसी ब्लॉक दोन्ही साधतो : त्यातही राख जाते आणि आतल्या हवेच्या बारीक पोकळ्यांमुळे तो उष्णता अडवतो. नऊ इंची विटेच्या भिंतीचा यू सुमारे २, तर आठ इंची एएसीचा पाऊण. पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना तरी एएसी घ्याच. फक्त मिस्त्रीला त्याची सवय आहे का पाहा. ब्लॉक जोडायचा पातळ मसाला, काँक्रीट आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी, हे न केल्यास भिंतीला हमखास तडे जातात.

वीटच वापरायची असेल तर केरळात लॉरी बेकर यांनी रुजवलेला रॅट-ट्रॅप बाँड मिस्त्रीला दाखवा. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी राखतात. विटा सुमारे एक चतुर्थांश कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते.

गच्चीवरचं काम, क्रमाने

थर स्लॅबच्या वर टाकायचा, खालून नाही. वर असला की स्लॅब उन्हात तापतच नाही, त्याचं रोजचं फुगणं-आक्रसणं थांबतं आणि तडेही कमी जातात. शिवाय रात्री खिडक्या उघडून गार केलेला स्लॅब दिवसा घराला साथ देतो.

स्लॅब झाडून-धुऊन तडे भरून घ्या. पावसाळी पाइपाकडे शंभराला एक उतार करा. कठड्याच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई द्या. त्यावर वॉटरप्रूफिंगचा लेप, कठड्यावर फूटभर चढवून. मग पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. ही पायरी ठेकेदार टाळतात. तुम्ही टाळू देऊ नका, कारण वर सगळे थर चढल्यावर गळती शोधायची तर सगळं फोडावं लागतं.

खाली ओल नाही याची खात्री झाली की पाट्या मांडा, विटांसारखे सांधे एकाआड एक. दोन पाट्यांत फट राहू देऊ नका. चिकटवायला पाण्यावर आधारित गोंदच वापरा, कारण थिनर किंवा पेट्रोलचा अंश असलेला गोंद, प्रायमर आणि तापवलेलं डांबर यांनी थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही विरघळतात किंवा वितळतात. पाट्यांवर जिओटेक्स्टाइलचं (पाणी झिरपू देणारं, न कुजणारं) कापड, त्यावर जाळी टाकून दोन इंची काँक्रीट, दोन-तीन मीटरच्या चौकोनांत, मध्ये सांधे सोडून. शेवटी पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक किंवा पांढरा परावर्तक रंग. सबंध काम मे संपण्याआधी उरका.

हा पांढरा रंग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. राखाडी काँक्रीट उन्हाचा मोठा भाग पिऊन टाकतं, ताजा पांढरा रंग जवळपास ८० टक्के परत फेकतो. पैसे अजिबात नसतील तर इतकंच करा, चुन्याचे दोन हात दिले तरी फरक कळतो. धूळ आणि शेवाळाने पांढरेपणा उतरतो, म्हणून दर उन्हाळ्याआधी गच्ची धुवायची.

गच्ची तुमची नसेल तर

सर्वात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी सोसायटीला पांढऱ्या रंगासाठी राजी करा. वरच्या सगळ्या घरांचा फायदा एकाच कामात होतो. जमलं नाही तर आतून फॉल्स सीलिंग, वर दोन इंच रॉकवूल. खोलीची उंची तेवढी कमी होते.

पत्र्याच्या घरात पत्र्याला पांढरा रंग आणि खाली मोकळी हवा सोडून सीलिंग करा. चकाकणारी फॉइल लावणार असाल तर तिच्यासमोर निदान एक इंच हवा मोकळी राहिली पाहिजे. पत्र्याला चिकटवली की तिचा उपयोग संपतो. पत्र्यावर कडबा किंवा तुराट्या टाकायची पद्धत गार ठेवते हे खरं, पण एका ठिणगीत सगळं जाऊ शकतं. त्यापेक्षा हिरवी नेट पत्र्यापासून दोन फूट वर ताणा.

कोकण आणि मुंबई

इथे त्रास घामाचा आहे. दिवस-रात्रीच्या तापमानात फरक थोडा, म्हणून आरपार वारा सगळ्यात महत्त्वाचा. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, कौलारू उतरतं छप्पर, खाली माळा, वरून हवा निसटायला वाट, ही जुनी रचना अजूनही योग्य आहे. स्लॅबच असेल तर पांढरी गच्ची आणि एक इंच एक्सपीएस पुरे. भिंतींवर खर्च करू नका. ओल शोषणारं रॉकवूल इथे जपून वापरा.

सोलर बसवणार असाल तर

'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाली आणि तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे गावोगावी गच्चीवर पॅनेल दिसू लागले आहेत. पॅनेलची सावली गच्चीला गार ठेवते, हा दुहेरी फायदा. पण क्रम चुकवू नका. आधी वॉटरप्रूफिंग आणि इन्सुलेशन, मग पॅनेल. स्टँडचे बोल्ट स्लॅबमध्ये ठोकले तर खालच्या लेपाला भोकं पडतात. त्याऐवजी काँक्रीटच्या जड ठोकळ्यांवर स्टँड उभे करायला सांगा, ठोकळे वाऱ्याला पुरतील इतके जड आहेत का हे पुरवठादाराकडून लिहून घ्या. पाण्याची टाकी आणि डिशचा खांब यांनाही हेच लागू. प्रत्येक थर टाकताना फोटो काढा आणि घनता लिहिलेल्या बिलांसोबत ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी गच्चीवर ड्रिल घेऊन चढणाऱ्याला खाली काय आहे हे दाखवता येईल.